सूड घेऊन काय मिळतं? ‘घाशीराम कोतवाल’ आणि महाड
(अलिबाग येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, ‘सर, अन्याय झाल्यावर सूड घेण्यात काही अर्थ असतो का, यावर बोला. पण शेवटी उत्तर द्या. तुम्ही तत्त्वज्ञानवाले उत्तर देत नाही.’ तक्रार खरी आहे. चाळीस वर्षं शिकवताना मुलांनीही आमच्यावर हाच आरोप केला. आज उत्तर द्यायचा प्रयत्न करू. मात्र त्याच्या वाटेवर एक नाटक आहे आणि एक इतिहासातली घटना आहे. दोन्ही ठिकाणी थांबूनच पुढे जाता येईल.

सुरुवात घरापासून करतो, कारण कोकणातल्या माणसाला सूड शिकायला महाभारतापर्यंत जावं लागत नाही. आमच्या आजोबांचा त्यांच्या चुलतभावाशी वाडीतल्या पाटाच्या पाण्यावरून दावा होता. सुपारीच्या बागेला शिपणं लागतं आणि पाट चुलतभावाच्या हद्दीतून यायचा. एका उन्हाळ्यात त्यांनी पाट बुजवला. वर भर ओटीवर चारचौघांत म्हणाले की तुमच्या बापाने मागितलं असतं तर दिलं असतं, तुम्हाला नाही. पाण्याचं नुकसान पुढच्याच वर्षी विहीर खणून भरून निघालं. तरी दावा बावीस वर्षं चालला. दोन्हीकडची भातजमीन वकिलांच्या फीपायी गेली. अखेर निकाल आजोबांच्या बाजूने लागला, पण तोवर चुलतभावाला जाऊन वर्ष झालं होतं. आजोबा निकालाची प्रत घेऊन आले, गडग्याशी उभे राहिले आणि पलीकडच्या बंद घराकडे बघत म्हणाले, ‘आता दाखवू कुणाला?’

आम्ही तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होतो. पुढे तत्त्वज्ञान शिकलो, पण या तीन शब्दांत सूडाविषयी जेवढं आहे तेवढं फार थोड्या ग्रंथांत सापडलं. पाणी मिळालं होतं आणि निकालही मिळाला होता. मिळाला नाही तो प्रेक्षक. ज्याने अपमान केला त्याच्याच डोळ्यांत आपली किंमत वाढलेली दिसावी, एवढ्यासाठी बावीस वर्षं गेली होती.

आता हे थोडं शिस्तीत मांडू. आपल्यावर अन्याय होतो तेव्हा दोन गोष्टी होतात. एक, नुकसान होतं: पैसा, जमीन, हातपाय, माणूस, काहीतरी जातं. दोन, आपल्याविषयी एक विधान केलं जातं. मारणारा मारता मारता सांगत असतो की तुझ्याशी असं वागलं तरी चालतं, तुझी किंमत एवढीच. अमेरिकन तत्त्वज्ञ जीन हॅम्प्टन यांनी जेफ्री मर्फी यांच्याबरोबर १९८८ साली क्षमा आणि दया या विषयावर एक पुस्तक लिहिलं. त्यात हा मुद्दा फार नेमका मांडला आहे. अन्यायात एक खोटा दावा असतो आणि शिक्षेचं काम तो दावा खोडून काढणं हे असतं, असा त्यांचा विचार. पाय घसरून पडलो तर दुखतं, पण राग येत नाही. कुणी ढकललं तर कमी लागूनही झोप उडते. कारण दुसऱ्या वेळी कुणीतरी आपल्याविषयी काही बोललेलं असतं.

मार्था नुसबॉम यांनी २०१६ साली क्रोध आणि क्षमा या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की परतफेडीची इच्छा ही जादूटोण्यासारखी समजूत आहे. खुन्याला वेदना दिल्याने मेलेला परत येत नाही. हे बिनतोड आहे. पण त्या पुढे म्हणतात की नुकसान भरून काढण्यासाठी नव्हे, तर समोरच्याला खाली आणून स्वतःची पायरी वर नेण्यासाठी कुणी सूड घेत असेल, तर त्याचा हिशेब निदान जुळतो. मात्र माणसाने जगाकडे असं पायऱ्यांच्या नजरेने पाहणं हेच वाईट. समान प्रतिष्ठेचा प्रश्न त्या यातून वेगळा काढतात, हेही न्यायाने सांगायला हवं. तरी आम्हाला वाटतं की आपल्याकडे ही वेगळं काढण्याची क्रिया इतकी सोपी नाही. जिथे पायऱ्या माणसाच्या डोक्यात नसून गावाच्या नकाशावर आखलेल्या होत्या, विहिरीच्या काठावर होत्या, तिथे ‘पायरीचा विचार करू नका’ हा उपदेश वरच्या पायरीवरून सोपा वाटतो.

तेव्हा प्रश्न असा ठरला: आपल्याविषयी केलेलं खोटं विधान सूडाने खोडलं जातं का?

या प्रश्नाला मराठीत सर्वांत कठोर उत्तर देणारं नाटक आम्हाला ‘घाशीराम कोतवाल’ वाटतं. विजय तेंडुलकरांचं हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम रंगमंचावर आलं. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नाना झाले होते मोहन आगाशे. त्यावर झालेले वाद जुन्या मंडळींना आठवत असतील. नाना फडणवीसांची बदनामी झाली, ब्राह्मणांची बदनामी झाली, असे आरोप झाले. १९८० साली नाटक युरोपला निघालं तेव्हा वाद पुन्हा पेटला. तेंडुलकरांनी स्वतः हे नाटक अनैतिहासिक असल्याचं सांगितलं होतं. त्यामुळे खरे नाना कसे होते हा विषय आपण आज बाजूला ठेवू.

नाटकाचं सर्वमान्य वाचन असं, की ते सत्तेचं नाटक आहे: सत्ताधीश आपल्या सोयीसाठी घाशीराम जन्माला घालतात आणि गरज संपली की त्याला जमावापुढे टाकतात. हे वाचन चुकीचं नाही. पण ते नानांच्या बाजूने केलेलं वाचन आहे. घाशीरामाच्या बाजूने पाहिलं तर हे पहिल्यापासून शेवटपर्यंत सूडाचं नाटक आहे.

घाशीराम कनौजहून बायको आणि मुलगी घेऊन पुण्यात येतो. नाचणाऱ्या गुलाबीकडे पडेल ते काम करतो. नाना खूश होऊन गळ्यातला हार त्याला देतात, तो गुलाबी माणसं घालून हिसकावून घेते. मग तो पर्वतीवर दक्षिणेच्या आशेने जातो. तिथे त्याच्यावर चोरीचा आळ येतो. मार बसतो, कोठडी मिळते, शहराबाहेर हाकललं जातं. चोरी त्याने केलेली नसते. इथे तो शपथ घेतो की या शहराला मी धडा शिकवीन.

आता पुढचं पाऊल बघा. सूड घ्यायचा तर सत्ता हवी. सत्ता नानांकडे आहे. नानांची नजर गौरीवर, घाशीरामाच्या कोवळ्या मुलीवर आहे. तो मुलगी देतो आणि कोतवाली घेतो. ज्या शहराने त्याला माणूस मानलं नाही, त्या शहराच्या सर्वांत मोठ्या माणसाला तो आपल्या मुलीच्या बदल्यात विकत घेतो. निदान त्याला तसं वाटतं. नानांचा हिशेब त्याच क्षणी वेगळा आहे: कोतवाल परका, अन्याय तो करील, शिव्या तोच खाईल, आणि आमचं सगळं झाकलं जाईल.

मग घाशीरामाचा अंमल सुरू होतो. रात्री घराबाहेर पडायला परवाना, कशाला ना कशाला परवाना. एका ब्राह्मणावर चोरीचा संशय येतो आणि घाशीराम त्याला तापलेल्या लोखंडाचं दिव्य करायला लावतो. हे दृश्य पाहताना एक गोष्ट पुष्कळदा सुटते. स्वतः घाशीरामावर हाच प्रसंग आला होता: खोटा आळ, मार, कोठडी. खोट्या आळाचं दुःख काय असतं हे साऱ्या पुण्यात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि तोच आता पुराव्याशिवाय आळ घेतो. म्हणजे ज्या वागणुकीने त्याला चिरडलं ती वागणूक त्याला चुकीची वाटलेली नाही. ती आपल्या वाट्याला आली, एवढंच चुकीचं वाटलं. शहराने त्याच्याविषयी विधान केलं होतं की ज्याच्या हाती काठी नाही त्याची किंमत शून्य. घाशीराम हे विधान खोडत नाही. त्याखाली सही करतो आणि काठी मिळवतो.

गौरी मरते. घाशीराम नानांसमोर उभा राहतो, आणि सगळ्या नाटकात याच एका क्षणी त्याच्या हाती खरा गुन्हेगार असतो. नाना त्याला दैव आणि विधिलिखित ऐकवतात, कोतवालीची आठवण करून देतात, आणि तो परत फिरतो. ज्याचा सूड घ्यायला हवा तोच याच्या सत्तेचा धनी असतो. मग राग निघतो कुणावर? बाहेरून आलेल्या, भुकेने बागेतली फळं तोडणाऱ्या ब्राह्मणांवर. ते कोठडीत गुदमरून मरतात. एकेकाळी घाशीरामही असाच बाहेरून आलेला, भुकेला ब्राह्मण होता. त्यानंतर जमाव उठतो, नाना हुकमावर सही करतात. खरा घाशीराम १७९१ साली पुण्यात मारला गेला. नाटकातला घाशीराम मरताना कबूल करतो की तुमच्यावर मी नाचलो, पण मुलीची माती केली, त्याचीच ही शिक्षा. आणि शेवटी नाना उत्सव जाहीर करतात. सूडाच्या नाटकात शेवटी उत्सव कुणाचा होतो, याचं हे उत्तर आहे.

इथवर आम्ही तेंडुलकरांना मानतो. पण हे समीक्षेचं व्याख्यान आहे, तेव्हा आमची तक्रारही सांगतो. नाटकाने घाशीरामाला दोनच वाटा दिल्या आहेत: कुत्र्यासारखं सोसणं किंवा लांडग्यासारखं फाडणं. तिसरी वाट असू शकते, अशी शंकाही नाटकात कुणाला येत नाही. बारा ब्राह्मणांची ती रांग, तो माणसांचा पडदा, घटकेत देऊळ होतो आणि घटकेत भिंत होतो. त्या पडद्यात एकही फट नाही. आणि गौरीला जवळजवळ वाचा नाही. सूडाची किंमत जिने चुकती केली तिला त्या व्यवहाराविषयी काय वाटलं, हे आपल्याला कळत नाही. तेंडुलकर सूडाचं तर्कशास्त्र उघडं पाडतात, पण त्याच तर्कशास्त्राच्या चौकटीत राहून. नाटकाने उत्तर द्यावं अशी आमची मागणी नाही. पण प्रेक्षक जर असं समजून घरी गेला की दुखावलेला माणूस यापलीकडे काही करूच शकत नाही, तर ती समजूत खोटी आहे. ती खोटी आहे हे दाखवायला आपल्या जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही.

दक्षिणेला हरिहरेश्वराच्या खाली बागमांडल्याला जा. समोर सावित्रीची खाडी, पलीकडे बाणकोट. बाणकोटजवळचं वेळास हे नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचं मूळ गाव. त्याच खाडीतून आत गेलं की दासगावचं बंदर लागतं आणि पुढे महाड. एकाच नदीच्या काठावर आपल्या दोन्ही गोष्टी येतात.

महाडची घटना सगळ्यांना ठाऊक आहे असं आपण समजतो. ठाऊक असतं ते पाणी पिणं. आम्हाला बोलायचं आहे ते पाणी प्यायल्यानंतरच्या तासांविषयी.

पार्श्वभूमी दोन वाक्यांत. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव सी. के. बोले यांनी मांडला आणि तो ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर आलं. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे प्रतिनिधी डॉ. आंबेडकरांबरोबर मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले.

परत आल्यावर मंडपात जेवणाची आणि परतण्याची गडबड सुरू झाली. तेवढ्यात गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपावर आला. लोक जेवत होते, सामान बांधत होते. अन्न मातीत कालवलं गेलं, डोकी फुटली. एकटेदुकटे रस्त्यात गाठून मारले गेले, काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला.

डॉ. आंबेडकर बंगल्यावर होते. त्यांच्याभोवती जमलेल्यांत लष्करात नोकरी केलेले पुष्कळ होते. पहिलं महायुद्ध संपून दहा वर्षंही झाली नव्हती. ज्यांच्या हाती बंदुका होत्या, ज्यांनी लढाया पाहिल्या होत्या, अशी माणसं आता एका शब्दाची वाट पाहत होती. गावातले हल्लेखोर त्यांच्यापुढे टिकले नसते. तो शब्द दिला गेला नाही. संध्याकाळ फिर्यादी नोंदवण्यात आणि जखमींची व्यवस्था लावण्यात गेली.

हा संयम दुबळ्याचा होता असं म्हणता येत नाही, कारण बळ हजर होतं. तो क्षमेचाही नव्हता. फौजदारी खटला झाला आणि हल्लेखोरांपैकी काहींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आंबेडकरांनी कुणालाही माफ केल्याचं जाहीर केलं नाही. एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं आणि त्यात महाडविषयी जे लिहिलं गेलं त्याची धार आजही बोथट झालेली नाही. राग पुरेपूर होता. तो मारणाऱ्यांच्या डोक्यांवर खर्च केला गेला नाही, एवढंच.

इकडे महाडच्या सनातन्यांनी तळ्याचं शुद्धीकरण केलं. घागरींनी पाणी उपसून पंचगव्य आणि मंत्र. आता आमच्या मघाच्या भाषेत बोलू. मार हे नुकसान होतं. शुद्धीकरण हे विधान होतं. डोकी फोडून जे सांगायचं राहिलं ते या घागरींनी सांगितलं: तुमच्या ओंजळीने पाणी विटाळतं. समजा, त्या संध्याकाळी माजी सैनिकांनी महाडात वीस डोकी फोडली असती. हे विधान खोडलं गेलं असतं का? उलट, दोन दिवसांनी तेच शुद्धीकरण झालं असतं आणि वर दंगलखोर हे विशेषण चिकटलं असतं. मार खाल्लेल्या सवर्णाने ‘आता मी यांना समान मानतो’ असं म्हटलं नसतं. ‘आता मला यांची भीती वाटते’ एवढंच म्हटलं असतं. आमच्या आजोबांना वाटलं होतं की निकालाची प्रत दाखवली की चुलतभावाची नजर बदलेल. तो जिवंत असता तरी ती बदलली नसती.

मग उत्तर काय दिलं गेलं? डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. मुंबईहून मंडळी ‘पद्मावती’ बोटीने निघाली, दासगावला उतरली आणि महाडपर्यंत चालत गेली. गावात मंडपाला जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते. आंबेडकरांनी भाषणात १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रसभेशी या परिषदेची तुलना केली, आणि माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला.

आमच्या वर्गात एकदा एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, ‘सर, पुस्तक जाळणं हा सूडच नाही का? नुसता कागदावर काढलेला?’ प्रश्न चांगला आहे, त्याला टाळता येत नाही. रॉबर्ट नोझिक यांनी १९८१ च्या ग्रंथात सूड आणि न्याय्य प्रतिफळ यांत पाच फरक सांगितले आहेत. त्यांतले चार इथे पुरे. सूड मला झालेल्या इजेबद्दल असतो, प्रतिफळ चुकीबद्दल. सूडाला मर्यादा नसते, प्रतिफळाला असते. सूड खासगी असतो. आणि सूड घेणारा स्वतःच्या वागण्यातून सर्वांसाठी नियम मांडत नाही.

यावर महाड तपासून पाहा. जाळला गेला तो नियमग्रंथ, ज्याच्या आधाराने मार्चमधली काठी उचलली गेली होती. एकाही माणसाच्या अंगाला हात लागला नाही. ठराव मांडणारा ‘शत्रूच्या’ जातीचा होता, आणि ते चालत होतं. सूडाच्या हिशेबात हे बसलंच नसतं. पुढे जो जाहीरनामा झाला तो महारांसाठी वेगळा नव्हता, सर्व माणसांसाठी होता. घाशीरामाने काठी हस्तगत केली. महाडला माणसं मोजण्याची पट्टीच आगीत गेली. लोक दुखावले गेले का? गेले. पण दुखावणं हा हेतू असणं आणि खरं बोलल्यामुळे कुणी दुखावलं जाणं, यांत फरक असतो.

आम्ही यातून एक कसोटी काढतो. तुम्हाला जे हवं आहे ते समोरच्याने उद्या सकाळी आपणहून मान्य केलं, तर तुम्हाला आनंद होईल की निराशा? निराशा होणार असेल, ‘इतक्यात कशी शरण आली, अजून चार दिवस सोसायला हवं होतं’ असं वाटणार असेल, तर ते सूडाचं खातं आहे. आपल्याच तालुक्यातला चरीचा संप या कसोटीवर लावा. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. शेत पडीक, घरात उपासमार. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की खोताची जिरवायला यांनी स्वतःच्या पोटावर पाय दिला. पण खोताने पहिल्याच महिन्यात रास्त वाटा आणि कुळाचा हक्क मान्य केला असता, तर त्याच पावसात नांगर धरायला ती माणसं तयार होती. सूड घेणारा असा तयार नसतो.

आता हे चित्र फार गोड होऊ नये म्हणून दुसरी बाजू. महाडहून परतणाऱ्या प्रतिनिधींना आपापल्या गावांत मार बसला, त्रास झाला. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव मागे घेतला. डिसेंबरात दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. हजारो लोक पाणी प्यायच्या तयारीने आले होते आणि आंबेडकरांनी त्यांना थांबायला सांगितलं. तळ्याला वळसा घालून मिरवणूक गेली आणि पाणी न पिता परतली. त्या लोकांना काय वाटलं असेल? मार्चमध्ये मार खाल्लेल्याला नऊ महिन्यांनी पुन्हा ‘थांब’ म्हणणं सोपं नसतं. दिवाणी दावा संपायला १७ मार्च १९३७ उजाडला. जवळजवळ दहा वर्षं. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते, तेच ज्यांनी १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना शिक्षा सुनावली होती. निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पण कशामुळे? अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, म्हणून. माणसं समान आहेत म्हणून नव्हे. रूढी सिद्ध झाली असती तर काय, हा प्रश्न त्या निकालाला विचारला की अस्वस्थ व्हायला होतं.

तेव्हा सूड न घेणाऱ्याला न्याय मिळतोच, असं आम्ही म्हणत नाही. उशिरा मिळतो, अर्धा मिळतो, कधी मिळतच नाही. ‘सोडून द्या, देव बघून घेईल’ हे वाक्य बहुधा ज्याचं काही गेलेलं नसतं तो म्हणतो. अन्याय झालेल्याला राग आलाच पाहिजे. अठराव्या शतकात बिशप बटलर यांनी धर्मपीठावरूनच प्रवचनात सांगितलं होतं की अन्यायाविषयीचा संताप हा माणसाच्या ठायी चांगल्यासाठीच दिलेला आहे. वाईट आहे तो त्याचा अतिरेक. आमचा मुद्दा एवढाच, की सूडाने जे मिळेल असं वाटतं ते सूडाच्या हाती नसतंच. आपली किंमत समोरच्याच्या डोळ्यांत ठरते हे आपण मान्य करतो, तेव्हाच त्याला जिंकू देतो.

आयोजकांना उत्तर हवं होतं. आमचं उत्तर: सूड घेण्यात अर्थ नाही, आणि नुसतं सोसण्यातही नाही. फिर्याद करावी, साक्ष द्यावी, लिहून ठेवावं, एकत्र यावं, सहकार्य काढून घ्यावं, आणि ज्या नियमाने आपल्याला मारलं तो नियम मोडावा. यात वेळ जातो. घाशीरामाला थोड्याच दिवसांत कोतवाली मिळाली होती.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्या ताईंनी विचारलं: ‘सर, क्षमेविषयी तुम्ही काहीच बोलला नाहीत. शेवटी क्षमा करायची की नाही?’)

ताई, टाळलं ते मुद्दाम. आपल्या परंपरेत याचं एकच उत्तर नाही. वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराशी भांडते तेव्हा ती प्रल्हाद आणि बळी यांचा संवाद सांगते: सदा क्षमा चांगली नाही आणि सदा तेजही चांगलं नाही. झोपेत पाच मुलं मारली गेल्यावर सौप्तिकपर्वातली द्रौपदी अश्वत्थाम्याचा प्राण मागते आणि अखेर त्याच्या मस्तकावरच्या मण्यावर थांबते. भागवतातली द्रौपदी त्याला सोडा म्हणते, कारण त्याच्या आईनेही आपल्यासारखं रडावं असं तिला वाटत नाही. दोन्ही ठिकाणी बोलते ती जिची मुलं गेली ती बाई. तिसऱ्याने तिला क्षमेचा उपदेश करायचा नसतो. क्षमा करावी की नाही हे जिचं गेलं तिने ठरवायचं, आणि नाही केली तर तिला कमी लेखायचं नाही. पण तिच्या वतीने फिर्याद लढवणं, साक्षीला उभं राहणं, हे मात्र आपल्या सगळ्यांचं काम आहे. आमच्या आजोबांच्या ओटीवर त्या दिवशी सात-आठ माणसं बसलेली होती. त्यांच्यातल्या एकाने तरी चुलतभावाला तिथल्या तिथे ‘हे बोलणं बरं नव्हे’ असं म्हटलं असतं, तर तो दावा बहुधा उभाच राहिला नसता.